रुखवतातलं मिग

नुसत्या आवाजावरून विमान ओळखणारा माणूस आमच्या ओझरच्या शिवारात एकच आहे, आणि तो मी! डोळ्याला पंचा बांधा, पाठमोरा उभा करा, काहीही करा. मिग-२१ आलं की आवाज आधी पोटात कळतो आणि मग कानात. सुखोईला दोन इंजिनं, म्हणून त्याची गुरगुर दुहेरी. वीस वर्षं झेंडू तोडता तोडता मी ही विद्या कमावली आहे. विमानाच्या कारखान्यातून चाचणीसाठी उठलेलं विमान थेट माझ्या बांधावरून जातं. धावपट्टी बांधणाऱ्याने माझा मळा बघूनच तिचं तोंड ठरवलं असावं, असं माझं मत आहे. माझी बायको सुवर्णा हिचं मत वेगळं आहे. ती म्हणते, एवढं लक्ष झेंडूकडे दिलं असतं तर एव्हाना झेंडूला पंख फुटले असते.

गोष्ट दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातली. माझी थोरली बहीण चंद्रभागा, म्हणजे आमची अक्का, हिच्या रूपालीचं लग्न ठरलं. अक्काचा मळा आमच्या मळ्याला लागूनच, त्यामुळे ही भाची माझ्या खांद्यावरच वाढली. अगदी खरोखर खांद्यावर! आवाज आला की ती हातातलं टाकून बांधाकडे पळायची, मी तिला उचलायचो, आणि विमान डोंगराआड जाईपर्यंत आम्ही दोघं आ वासून वर बघायचो. पाच वर्षांची असताना ती मला म्हणाली होती, मामा, हे मिग नाही, हे मालवाहू आहे. आणि ते मालवाहूच निघालं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मुलगा येवल्याचा, कुंदन. घरी पैठणीचे माग, पण हा दुबईला एसीच्या कामावर. साधा, नम्र मुलगा. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. कारण मला रूपालीने एवढ्या लांब जायला नको होतं, आणि हे बोलून दाखवायची सोय नव्हती. मग मुलाला नावं ठेवता येईनात म्हणून मी दुबईला ठेवायला लागलो.

कुंदनने आम्हाला अल्बम दाखवला. होडीच्या शिडासारखं समुद्रात उभं राहिलेलं हॉटेल, आतल्या खांबांना सोन्याचा मुलामा. बाहेर अंगाची काहिली करणारं ऊन आणि एका इमारतीच्या पोटात चक्क बर्फाचा डोंगर, त्यावरून लोक घसरतायत. तो बर्फ वितळू नये म्हणून कुंदनसारखी पोरं यंत्रांवर पहारा देतात. आणि समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, त्याची वाळू समुद्राच्या तळातून उपसलेली. मी विचारलं, वाळवंटात राहून वाळू बाहेरून का आणायची? तो म्हणाला, "मामा, वाळवंटातली वाळू लय बारीक. ती भरावाला टिकत नाय." मी मनात म्हटलं, ज्या गावाला वाळवंट असून वाळू कमी पडते, त्या गावाचा भरवसा काय धरायचा?

पण खरं सांगू? अल्बम परत दिला तरी ते शहर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सकाळी फुलं तोडताना झेंडूचा ढीग बघितला की मला सोन्याचा घुमट दिसायचा. दुपारी धावपट्टीकडे उन्हाच्या झळा थरथरायच्या आणि त्यात पांढऱ्या इमारती तरंगत यायच्या, त्यांच्या मधून रूपाली हातात भाजीची पिशवी घेऊन चाललेली. मी हाक मारायचो, ती वर बघायची, आणि वर आभाळच नसायचं, नुसत्या काचा. एकदा तर मी तासभर असा उभा राहिलो की सुवर्णाने येऊन हातातला विळा काढून घेतला.

काचांचं कारण होतं. मी कुंदनला विचारलं होतं की तिथे घरातून विमानं ऐकू येतात का. तो म्हणाला, खिडक्या उघडतच नाहीत, एसीमुळे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यात अक्काने रडायला सुरुवात केली. आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जाते. मावशी असो, करवली असो, चार दिवस सोबत राहते, नवरीला एकटं वाटू देत नाही. येवल्यापर्यंत कुणीही गेलं असतं, पण पुढे दुबईला? व्हिसा एकट्या रूपालीचा. अक्का म्हणाली, "माझी पोर परमुलखात एकली जाणार, भिमा."

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की यंदाचं रुखवत मी करणार, आणि असं करणार की नाशिक जिल्हा नाव काढील. रुखवतात लोक काय मांडतात? शेवया, कुरडया, लाडू, फार तर कापसाची बैलजोडी आणि वेफरचा बंगला. मी दुबई मांडणार होतो, आणि तिच्यावर आपलं मिग! ते मिग म्हणजे रूपालीची पाठराखीण. पण हे गुपित मी कुणाला सांगितलं नाही. मामाने सगळं बोलून दाखवायचं नसतं.

आठ दिवस मी झेंडूकडे फिरकलो नाही. रव्याचं वाळवंट झालं, पिठीसाखरेचा बर्फाचा डोंगर झाला, निळीच्या पाण्यात बुडवलेल्या साबुदाण्याचा समुद्र झाला. शिडाचं हॉटेल मी उडदाच्या मोठ्या पापडांचं उभारलं, त्याला मागून कुरडयांचा आधार. मिगचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, वरून ओले पापड चिकटवून वाळवलेले, आणि नाकाला आइस्क्रीमचा कोन. हुबेहूब! आता राहिलं पंखाखालचं. पंखाखाली काही नसलेलं लढाऊ विमान म्हणजे मुंडावळ्या नसलेला नवरदेव. म्हणून चार लाडू करायचं ठरलं, शेंगदाण्याच्या कुटाचे, गुळाच्या पाकातले.

सुवर्णाने पाक चुलीवर ठेवला, ढवळायला मला बसवलं आणि पाण्यात टाकून त्याची गोळी होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं बजावून ती कूट आणायला गेली. आणि तेवढ्यात गुरगुर आली. दुहेरी! आता मला सांगा, डोक्यावर सुखोई आलेलं असताना कुणी पाकाकडे बघत बसतं का? पाक जळू नये म्हणून मी पातेलं खाली उतरवून ठेवलं, एवढा मी जबाबदार. दहा मिनिटांनी परत आलो, कूट ओतलं आणि लाडू वळले. सुवर्णाने एक दाबून बघितला आणि म्हणाली, "अहो, पाक कच्चा हाय." मी म्हटलं, बॉम्ब खायचे नसतात.

लग्न पिंपळगावच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. पत्र्याचं छत, वैशाखाचं ऊन. रुखवताची खोली मला दिलेली. विमान टांगायला छताला हूक नव्हता, म्हणून मी ते पंख्याच्या एका पात्याला दोरीने बांधलं, नेमकं समुद्राच्या बाजूला, तोंड दुबईकडे. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची पद्धत असते. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मिग-२१, चार बॉम्बसहित." माहिती अचूक असावी एवढाच हेतू.

वऱ्हाड आलं. कुंदनची आई कलाबाई चार बायका घेऊन रुखवत बघायला आत आली, अंगावर स्वतःच्या मागावर विणलेली मोरपंखी पैठणी. तिला टेबलाजवळ मानाच्या खुर्चीवर बसवलं. ती दुबई बघून हरखली. आपला मुलगा ज्या डोंगराची यंत्रं बघतो तो डोंगर पिठीसाखरेचा बघून तर तिने त्याला बोट लावून नमस्कार केला. माझी छाती फुगली. आणि तिच्यासोबतच्या एका बाईने, फार उकडतंय बाई म्हणून, भिंतीवरची सगळी बटणं एकदम खाली ओढली.

पंखा जुना होता. त्याने आधी कण्हल्यासारखं केलं आणि मग सावकाश फिरायला लागला. आणि माझं मिग उडालं!

आता इथे माझी चूक आहे, ती मी मान्य करतो. मी बटणापासून दोन हातांवर होतो. पण मी हललोच नाही. ते विमान जरा कलून वळण घेत होतं, खिडकीतलं ऊन त्याच्या पापडाच्या पंखावर चमकत होतं, खाली निळा समुद्र, पांढरा डोंगर, सोनेरी वाळवंट, आणि माझ्या खांद्यावर पाच वर्षांची रूपाली बसलीय असं मला खरोखर वाटलं. एवढं सुंदर मी आयुष्यात काही केलेलं नाही. मी हात जोडून बघत उभा राहिलो.

दुसऱ्या फेरीला पहिला लाडू सुटला. उन्हाने गूळ पातळ झाला होता. तो समुद्रात पडला आणि साबुदाणा उसळला. दुसरा सरळ शिडाच्या हॉटेलवर बसला आणि सात मजले एका दणक्यात भुईसपाट झाले. नेम इतका अचूक होता की माझ्या तोंडून "शाब्बास!" निघून गेलं. तिसरा कलाबाईच्या मांडीवर, मोरपंखी पैठणीवर पडला. मग सुवर्णाने येऊन पंखा बंद केला.

कलाबाईने पैठणीकडे बघितलं नाही. तिने चिठ्ठी वाचली. मग भुगा झालेलं हॉटेल बघितलं, मग मला बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझा एकुलता एक पोरगा ऱ्हातो त्या गावात, मामा. अन तुमी त्याच्यावर बॉम्ब टाकता?"

मी काही बोलायच्या आत तिचे डोळे भरले. नव्वद साली तिचा भाऊ कुवेतमध्ये अडकला होता. महिनाभर त्याची चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसत्या रेडिओवर विमानांच्या बातम्या. तेव्हापासून तिला लढाऊ विमान चित्रातसुद्धा सहन होत नाही. ती उठली आणि म्हणाली की हा अपशकुन घेऊन ती मांडवात पाय ठेवणार नाही. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता.

बातमी मांडवात पोचली. अक्का भिंतीला टेकून बसली. आमचे दाजी, रंगनाथराव, जन्मात मला रागावले नव्हते, ते फक्त म्हणाले, "भिमाजी, साध्या शेवया ठेवल्या असत्या तर?" माझ्या भाचीचं लग्न मी कच्च्या पाकाने मोडलं होतं. ज्या लग्नाला माझ्या मनाने कधी होकार दिला नव्हता ते मोडायला निघालं, तेव्हा कळलं की मला ते किती हवं होतं.

मी खुर्चीवर चढून दोरी सोडायला लागलो. आणि गुपित तोंडातून निघून गेलं. म्हटलं, कलाबाई, हे भांडायला नाही आलं. तिथे आमच्यातलं कुणी तिच्यासोबत जाऊ शकत नाही. म्हणून पाठराखीण म्हणून याला पाठवत होतो.

कलाबाई म्हणाली, "पाठराखीण बॉम्ब घेऊन येती व्हय?"

मी सांगणार होतो की नियमाप्रमाणे मिगच्या पंखाखाली चार जागा असतात, पण सुवर्णाने माझ्या पायावर पाय दिला. आणि दारातून आवाज आला. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या, रूपाली उभी होती.

"आत्या," ती म्हणाली. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. "पाठराखीण येती तेव्हा शिदोरी आणती ना? मामांना लाडू वळता येत नाहीत, पण शिदोरी त्यांनीच बांधलीय. नाव चुकलं असंल."

तिने चिठ्ठी काढून घडी केली आणि चौथा लाडू, जो पंखाला अजून चिकटून होता, तो सोडवून सासूच्या हातावर ठेवला. कलाबाईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्या भावाला परत आणलं तेही विमानानेच, असं ती नंतर अक्काला म्हणाली. तेव्हा मात्र तिने फक्त एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला.

"चव चांगली हाय," ती म्हणाली. "पाक कच्चा ऱ्हायला."

सुवर्णाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण लग्न लागलं! मी मामाच्या जागी रूपालीच्या पाठीशी उभा राहिलो आणि मंगलाष्टकं चालू असताना मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे चार-पाच महिन्यांनी, दसऱ्याची फुलं तोडत होतो तेव्हा मोबाइल वाजला. दुबईहून रूपाली. म्हणाली, "मामा, आमच्या स्वयंपाकघरातली खिडकी उघडते. कुंदनने बिजागरी बसवून घेतली." मी तोडलेली फुलं खाली ठेवली. मग ती म्हणाली, "ऐका, कसलाय सांगा," आणि तिने फोन लांब धरला.

मी डोळे मिटले. समुद्रापलीकडून तो आवाज आला, बारीक सुरू झाला आणि चढत गेला. माझ्या अंगावर काटा आला. शंकाच नको! मी बांधावर उभा राहून ओरडलो, "मिराज! मिराज दोन हजार! एकच इंजिन! डोक्यावरून चाललंय बघ!"

पलीकडे ती हसतच सुटली.

"मामा, मिक्सर आहे. शेंगदाण्याचं कूट करतेय, आत्यांनी पक्क्या पाकाचे लाडू शिकवलेत."

असू द्या. पण मी म्हटलं होतं ना, एकच इंजिन? तेवढं तर बरोबर निघालं!