शनिवारी सकाळी दहा वाजता बॉर्बरिग्मस

दिगंबर आगाशे यांची एका बाबतीत पक्की खात्री होती. आपण नसतो, तर पर्वतीच्या पायथ्याची 'स्नेहवर्धन' सोसायटी इंग्रजी उच्चारांच्या पुरात कधीच वाहून गेली असती!

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी हे कार्य हाती घेतलं. पार्किंगमध्ये जिन्यापाशी सोसायटीचा काळा फळा होता. त्याच्या उजव्या अर्ध्यात सेक्रेटरीच्या सूचना असत. डावा अर्धा दिगंबररावांनी कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतला होता. तिथे रोज सकाळी 'आजचा शब्द' उगवायचा. शब्द असा, की साहेबालासुद्धा आपल्या आईला विचारावं लागेल! खाली उच्चार, त्याखाली अर्थ. 'लिहायचं व्हिक्चुअल्स, म्हणायचं विटल्स, अर्थ: खाण्याचे जिन्नस.'

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण दिगंबरराव उच्चार तपासायचेही. दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाई लेल्यांचा जावई जिन्यात फोनवर 'हायपरबोल' म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवून त्यांनी 'हायपर्बली' असं घोटवून घेतलं होतं. जावई त्यानंतर दिवाळीलाच आला, तोही मागच्या जिन्याने! परिणाम असा झाला, की दिगंबरराव आसपास असले की सोसायटीत कुणी अवघड इंग्रजी शब्द तोंडातून काढेना. दिगंबररावांना वाटायचं, लोक सुधारले.

त्यांच्या दारावर पाटी होती. 'शब्दार्थ व उच्चार विचारणाऱ्यांचे स्वागत आहे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास स्वागत होणार नाही.'

आणि अशा माणसाला सेक्रेटरी विश्वजीत जगताप एका रविवारी संध्याकाळी म्हणाला, "काका, फळा काढतोय आपण. तिथे स्क्रीन बसवायची. पुढच्या रविवारच्या मीटिंगला ठराव घेतो."

"आणि आजचा शब्द?"

"काका, खरं सांगू? कुणी वाचत नाही हो. एक माणूस दाखवा मला, फक्त एक, जो तुमचा शब्द वाचतो. फळा ठेवतो!"

दिगंबरराव घरी आले ते पाय आपटतच. निवृत्तीनंतर माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. त्यांचं कारण तो फळा होता. तो गेला तर सकाळी सातला करायचं काय? मंदाकिनीबाईंच्या स्वयंपाकात लक्ष घालायचं? या विचाराने मंदाकिनीबाईही धास्तावल्या.

"मग आता हो?" त्यांनी विचारलं.

"आता बघच. इतके दिवस मी अर्थ लिहीत होतो, तिथेच चुकलं. आयतं मिळाल्यावर कोण विचारायला येतंय? उद्या एक असा शब्द टाकतो, नुसता शब्द! अर्थ नाही, स्पेलिंगसुद्धा नाही, नाहीतर मोबाईलमध्ये बघतील. झक मारत विचारायला येतील. एक जरी आला, तरी त्याला मीटिंगमध्ये उभा करतो. आणि घरचं माणूस मोजायचं नाही हं, नाहीतर तो जगताप म्हणेल बायकोला पढवलं."

"पुण्यात?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "विचारायला येतील?"

पण दिगंबररावांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी ते खाली गेले आणि बघतात तर काय! विश्वजीतने त्यांच्या डाव्या अर्ध्यावर स्क्रीनवाल्या कंपनीचं भलंमोठं रंगीत पत्रक चिकटवून ठेवलेलं. म्हणजे माणूस जिवंत असताना त्याच्या फोटोला हार! दिगंबररावांनी दात-ओठ खात उजव्या अर्ध्यावर मोर्चा वळवला. तिथे विश्वजीतची मागच्या आठवड्यातली शिळी सूचना होती. वरच्या ओळीत 'शनिवारी सकाळी दहा वाजता', मधल्या ओळीत 'पाण्याची टाकी धुतली जाईल', आणि खाली 'सर्वांनी सहकार्य करावे. सेक्रेटरी.'

आता, टेलिफोन खात्याने दिगंबररावांना एक शिस्त लावली होती. सरकारी वस्तू लागेल तेवढीच वापरायची. खडू लागेल तेवढाच झिजवायचा, फडकं लागेल तेवढंच मळवायचं. शब्दाला एक ओळ पुरणार होती. त्यांनी एकच ओळ पुसली, मधली. आणि तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'बॉर्बरिग्मस'. दोन पावलं मागे जाऊन त्यांनी फक्त वळण कसं आलंय ते पाहिलं आणि समाधानाने वर गेले.

पहिल्या विमलाबाई आल्या. बालवाडीच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनी फळा वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात तळमजल्यावरचे सर्जेराव काळभोर स्कूटर पुसायला बाहेर आले. ते मूळचे लोणी काळभोरचे, इथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं.

"काय सर्जेराव, शनिवारच्या त्याची तयारी झाली का?" विमलाबाईंनी खडा टाकून पाहिला.

सर्जेरावांनी फळ्याकडे एक नजर टाकली. "झाली की! आपलं काय, तयारच हाय. तुमची?"

"आमची कधीच झाली."

दोघंही एकमेकांकडे पाहून हसले आणि घाईघाईने आपापल्या घरात शिरले.

सर्जेरावांनी बायकोला सांगितलं, "चंपा, शनिवारी बोरचं कायतरी हाय. पाणी भरून ठेव सगळं!" चंपाबाईंनी पिंपं, बादल्या, कुकर, झालंच तर इडलीपात्रसुद्धा भरून ठेवलं. विमलाबाईंना मात्र हे नाव थेट आजाराचं वाटलं. महापालिकेची तपासणी असणार. आणि तपासणी म्हणजे रक्त, रक्त म्हणजे रात्रीपासून उपाशी! त्यांनी तसं शेजारच्यांना बजावलं. कशासाठी, ते शेजारच्यांनी विचारलं नाही. पुणेकराला उपाशी ठेवता येतं, पण त्याला प्रश्न विचारायला लावता येत नाही!

तिसऱ्या मजल्यावरच्या आम्रपाली जाधव आयकर कार्यालयात होत्या. 'सर्वांनी सहकार्य करावे' हे वाक्य त्या स्वतः लोकांना रोज ऐकवायच्या, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांनी मोबाईलमध्ये तो शब्द अंदाजाने टाकून पाहिला, तर मोबाईलने खराडीतलं बर्गरचं दुकान दाखवलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. सोसायटीच्या नोटिशीचा अर्थ मोबाईलमध्ये कोण बघतो? आम्रपालींनी आधार, पॅन, घराचे कागद, सगळ्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या.

गुरुवारपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्याची तयारी पाहिली होती. चंपाबाई पाणी भरताना दिसल्या म्हणून आम्रपालींनी पाणी भरलं. आम्रपालींची फाईल दिसली म्हणून सर्जेराव झेरॉक्सला धावले. आणि विमलाबाई उपाशी राहणार म्हटल्यावर सगळ्याच बिऱ्हाडांनी शुक्रवारी रात्री लवकर जेवून घ्यायचं ठरवलं.

खुद्द विश्वजीत खराडीच्या ऑफिसातून रोज रात्री थकून यायचा. त्याला जिन्यात चौघांनी अडवून विचारलं, "शनिवारी दहाला ना?" त्याने फळा पाहिला, खाली आपलंच नाव पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. हे आपण कधी लिहिलं? कामाच्या गडबडीत? की वरून काही परिपत्रक आलं होतं? सेक्रेटरीने असं विचारायचं तरी कुणाला!

"हो, दहाला म्हणजे दहाला!" तो करड्या आवाजात म्हणाला. "कुणी उशीर करू नका."

या सगळ्या धामधुमीत एकच माणूस कोरडा होता, दिगंबरराव! कुणी विचारेपर्यंत नवा शब्द लिहायचा नाही असं ठरवून, फळ्याकडे न फिरकता ते सोमवारपासून दाराशी खुर्ची टाकून बसले होते. विचारायला कुणी म्हणजे कुणी आलं नाही. उलट सोसायटीत काहीतरी मोठं शिजतंय हे त्यांना कळत होतं. पण काय, ते कळेना. कारण तो शब्द त्यांच्या देखत उच्चारायची कुणाची छाती नव्हती! उच्चार चुकला तर जिन्यात घोटवून घेतील. म्हणून सगळे नुसतं 'ते' म्हणत होते.

"काका, उद्या त्याला येताय ना?" आम्रपालींनी विचारलं.

"म्हणजे काय! येणारच," दिगंबरराव म्हणाले. "कशाला?" हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर उत्तरं दिली, त्याने प्रश्न कसा विचारायचा? आत जाऊन त्यांनी मंदाकिनीबाईंना आडून आडून विचारलं.

"उद्या काही खायचं नाही एवढं कळलंय मला," त्या म्हणाल्या. "विमलाबाईंनी सांगितलंय. चहासुद्धा नाही!"

शनिवार उजाडला. दहाच्या आधीच पार्किंग भरलं. सगळी सोसायटी आंघोळ करून, उपाशीपोटी, हातात झेरॉक्स घेऊन उभी! सर्जेरावांनी स्कूटर रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली होती. विश्वजीतने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो फाटकाकडे बघत होता. फाटकातून कोण येणार हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

दहा वाजले. सगळे गप्प झाले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे असा बघत होता, की चला, करा आता सुरू! कावळासुद्धा ओरडेना. दिगंबरराव मधोमध उभे होते. काल रात्री सातला खाल्लेली पोळी-भाजी पोटातून केव्हाच निवृत्त झाली होती. आणि त्या शांततेत त्यांच्या पोटातून आवाज आला. गुड गुड गुड गुडाम!

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अहो, हे काय?" मंदाकिनीबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

आणि सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, दिगंबरराव खणखणीत आवाजात म्हणाले, "बॉर्बरिग्मस!"

पार्किंगमध्ये एकदम हालचाल झाली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. विमलाबाईंनी घड्याळ पाहिलं.

"झालं का मग?" त्यांनी विश्वजीतला विचारलं.

विश्वजीतला इतकं हायसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. "हो, झालं! झालं! सर्वांनी सहकार्य केल्याबद्दल सोसायटीतर्फे आभार!"

"वेळेत सुरू झालं बरं का," आम्रपाली म्हणाल्या.

"आन् वेळेत आटपलं बी," सर्जेराव म्हणाले. लोक पांगले.

दिगंबररावांची नजर तेव्हा कुठे फळ्याकडे गेली. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. त्यांनी तिन्ही सलग वाचल्या. दोन ओळी पुसायचं वाचवलं आणि अख्खी सोसायटी उपाशी ठेवली! हे कुणाला कळलं असतं, तर फळ्याबरोबर त्यांनाही उतरवून ठेवलं असतं. ते तडक वर गेले, दोन माणसांचं जेवले आणि पाटीवरच्या वेळेप्रमाणे आडवे झाले.

दुपारी गाढ झोपेत बेल वाजली.

"एक ते चार!" दिगंबरराव पडल्या पडल्या गरजले. बाहेर पावलं पळाली. जरा डोळा लागतोय तोवर पुन्हा बेल. "वाचता येत नाही का?" पुन्हा पावलं पळाली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून समोरच्यांचं मांजर गॅलरीतून पडता पडता वाचलं.

संध्याकाळी पाचपासून ते दाराशी खुर्ची टाकून बसले. कुणीही आलं नाही.

रविवारी मीटिंग झाली. चांगली लांबली. शेवटी विश्वजीतने विषय काढला. "फळा. फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ कधी कुणी आगाशेकाकांना विचारायला गेलंय का? गेलं असेल तर हात वर करा, फळा ठेवू."

दिगंबररावांनी आशेने सगळीकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही.

"विचारायचं काय त्यात?" विमलाबाई म्हणाल्या. "आम्हाला येतात सगळे शब्द."

ठराव एकमताने मंजूर झाला. सर्जेरावांनी दुकानातून पाना-पकड आणली आणि फळा उतरवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. दिगंबररावांना खरंच रडू येत होतं. घरी येऊन ते पलंगावर मटकन बसले.

"एक माणूस मिळाला नाही गं. पाच-सहा वर्षं लिहितोय. एकालाही विचारावंसं वाटलं नाही!"

मंदाकिनीबाई पानं मांडायचं सोडून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काल दुपारी आले होते की."

"कोण?"

"बेल कोण वाजवत होतं मग? मी दाराच्या भोकातून बघत होते. आधी विमलाबाई आल्या, पदर डोक्यावरून घेऊन. मग आम्रपाली, चपला हातात घेऊन. अहो, विचारायचं म्हणजे कुणी बघायला नको ना! आणि पुण्यात जिन्यात कुणी नसतं, ते एक ते चारच."

दिगंबरराव पुढे सरकले. "आणि तिसरं?"

"विश्वजीत."

"मग मला उठवलं का नाहीस?"

"उठवायला आले होते. तुम्ही मलाही म्हणालात, वाचता येत नाही का. मग म्हटलं, आता विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही."

दिगंबररावांनी डोक्याला हात लावला. मंदाकिनीबाईंना त्यांची दया आली. त्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं, मी विचारू? त्याचा अर्थ काय हो?"

"म्हणजे तुलाही माहीत नव्हता? मग मला उपाशी का ठेवलंस?"

"सगळे राहिले म्हणून! सांगा ना."

आठवडाभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो अखेर आला होता. दिगंबरराव सावरून बसले. त्यांनी घसा खाकरला, मान ताठ केली, तोंड उघडलं. पण मीटिंग लांबली होती, पोटात सकाळपासून नुसता चहा होता, आणि त्यांच्याआधी पोटच बोललं. गुड गुड गुडाम!

"हे," दिगंबरराव पोटाकडे बोट दाखवून म्हणाले.

मंदाकिनीबाई थोडा वेळ त्या पोटाकडे बघत राहिल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि वाढायला उठल्या.