रणांगणावर पाच फ्रीज

"आज बघच तू! आपले रोबो बघून समोरचे हात जोडतील!"

रविवारी सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून बाबांनी ही घोषणा केली, आणि टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात ताटकळत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं कपाळाला हात लावला. बाबांच्या घोषणा ती जन्मापासून ऐकत आली होती. 'असा खिळा ठोकतो की बघत राहशील,' म्हणाले, तेव्हा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं घड्याळ पडलं होतं. 'कुलूप असं बसवतो की चोराचा बाप उघडणार नाही,' म्हणाले, तेव्हा सगळं घर दोन तास जिन्यात बसलं होतं.

"तुमच्या एकट्याच्या रोबोत काय ते करा, बाबा," ती म्हणाली.

"एकट्याचं कसलं? संघ आहे ना आपला!"

हे वाक्य तिनं नीट ऐकायला हवं होतं. पण आंघोळीचं पाणी निवत होतं, सामन्याची वेळ जवळ आली होती, आणि तिचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत चालूच राहिला होता.

बाबा फ्रीज दुरुस्त करायचे. रस्त्याच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. दारात तीन-चार उघडे फ्रीज जांभया देत उभे, आत गॅसचा आणि गंजाचा वास. नव्या फ्रीजची खोकी ते घरी आणत. त्यातल्या एकाला खिडकी कापून त्यांनी लेकीला घर करून दिलं होतं, आणि जगातली अर्धी पुस्तकं तिनं त्या पुठ्ठ्याच्या घरात बसून वाचली होती. आईला त्याखालून झाडू फिरवता येत नसे म्हणून रोज एक भांडण. "तापू नकोस," बाबा म्हणत. त्यांच्या मते जगात बिघाड एकच होता. यंत्र असो की माणूस, बिघडतं ते तापल्यामुळे! साहेब ओरडला? तापलाय. आत्या रुसली? तापलीय. गणितात नापास? पेपर काढणारा तापला होता.

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, दुकान गेलं, आणि बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू लागले. रस्त्यावरून फ्रीज घेऊन जाणारा टेम्पो दिसला की अर्धे उठत आणि परत बसत. मुलीला ते अर्धं उठणं बघवेना.

ती ग्रंथपाल होती. आठवडाभर 'हळू बोला' म्हणणारी ही बाई रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावून तोफा डागायची. खेळ सोपा होता: पाच जणांचा एक संघ, प्रत्येकाचा एक अजस्र रोबो. लढाईपूर्वी त्यात सामान भरायचं. तोफा, चिलखत, इंजिन, आणि तोफा तापू नयेत म्हणून कूलर. वजनाला मर्यादा, त्यामुळे एक घेतलं की दुसरं सोडायचं. तोफा जास्त तापल्या तर रोबो जागच्या जागी बंद पडणार. संघाची कप्तान ती. बाकी एक डेंटिस्ट, एक अकाउंटंट आणि भूगोलाच्या बाई. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र पाठ होते. एकदा पाचवा गडी ऐनवेळी आला नाही, तेव्हा ती म्हणून गेली, "एक ओळखीचे काका आहेत. त्यांना आणू का?"

काका! चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई आईवडिलांकडे राहते आणि रविवारी बापाबरोबर व्हिडिओ गेम खेळते, हे चारचौघांत कसं सांगायचं? म्हणून तोंडातून निघालेला तो एक शब्द पिंपळाच्या रोपासारखा भिंतीत रुजला, तो रुजलाच. बाबांनीही काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ते खेळताना तिला 'कप्तानसाहेब' म्हणू लागले. बसायचे बाहेरच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरपुढे. ती आतल्या खोलीत. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू यायचं: एकदा भिंतीतून आणि मग रणांगणावरून.

त्या रविवारी उपांत्य सामना होता. शनिवारीच सगळ्यांनी आपापलं सामान तिला कळवलं होतं आणि तिनं ते कप्तानाच्या यादीत भरून ठेवलं होतं. डेंटिस्टनं स्वच्छ सांगितलं होतं, "आज हरलो तर काकांच्या जागी दुसरा गडी. माणूस गोड आहे, पण एक तोफ आणि सहा कूलर घेऊन युद्धाला कोण येतं हो?"

पडदा उजळला. मैदान दिसलं. मग पाच रोबो दिसले.

"माझ्या तोफा कुठायत?" डेंटिस्ट किंचाळला.

"माझ्याही!" अकाउंटंट म्हणाला. "माझ्याकडे एक पिचकारी आणि सात कूलर आहेत!"

"मला वाटतं," भूगोलाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आपण सगळेच फ्रीज झालोय."

खरंच! मैदानाच्या कडेला पाच पांढरी, चौकोनी, गारेगार धुडं लग्नात आहेर म्हणून आल्यासारखी ओळीनं उभी होती. यादीला कुलूप लागलेलं. आता काहीही बदलता येणार नव्हतं.

"कप्तानसाहेब," भिंतीतून आणि मग हेडफोनमधून आवाज आला, "जरा सुधारणा केली. तुमची माणसं फार तापतात."

"काका!" ती दात आवळून म्हणाली. "तुम्ही कप्तानाच्या यादीला हात कसा लावलात?"

"उघडीच होती की!"

"उघडी? कुणाच्या घरी?" अकाउंटंटनं विचारलं. आकड्यांचा माणूस, नको तिथे बारीक.

ती उत्तर शोधतेय तोच स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अहो, ओट्याखालचा नळ गळतोय! बादली भरली! कुणीतरी या!"

हाक दोन्ही माइकमधून रणांगणभर घुमली.

"कुणाकडे नळ गळतोय?" डेंटिस्ट म्हणाला.

"माझ्याकडे," बाबा म्हणाले.

"माझ्याकडे," तीही त्याच क्षणी म्हणाली.

"म्हणजे... दोघांकडे," ती म्हणाली. "एकच पाइप आहे. आम्ही शेजारी राहतो."

"भिंतीला भिंत," बाबांनी दुजोरा दिला.

"आणि ओरडणाऱ्या बाई?"

"त्या दोन्हीकडे ओरडतात," बाबा म्हणाले.

तेवढ्यात शत्रू आला. समोरचा संघ म्हणजे पायांवर चालणारा तोफखाना! मैदानाच्या मध्यावर एक गोल होता. जो संघ तिथे जास्त वेळ टिकेल तो जिंकणार. "गोलात चला!" ती ओरडली, कारण दुसरं ओरडण्यासारखं काही नव्हतं. पाचही फ्रीज डुलत डुलत निघाले, गोलात पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि मार खाऊ लागले.

मार खाल्ला, पण एकही पडेना. कूलरच्या जाड पत्र्यावर गोळे टणाटण आपटत आणि घरंगळत. शत्रू चिडला. त्यानं आणखी तोफा काढल्या, एकदम डागल्या, पुन्हा डागल्या. आणि त्यांचा सगळ्यात मोठा रोबो धूर सोडत, गुरगुरत, गोलाच्या काठावर बंद पडला. मग दुसरा. मग तिसरा!

"अरे, तापले!" अकाउंटंट नाचायच्या बेतात होता. "पोरांनो, ते तापले!"

"काका," डेंटिस्ट म्हणाला, "मी माझे शब्द..."

ते शब्द त्याला गिळायला मिळालेच नाहीत. कारण काकांचा फ्रीज गोल सोडून चालू लागला होता.

"काका, कुठे निघालात?"

"आलोच. त्याच्याकडे जरा बघतो."

"कुणाकडे?"

"तो मोठा बंद पडलाय ना, बिचारा."

संघातल्या दोस्तांना गार करण्यासाठी रोबोकडे गार हवेचा एक फवारा असायचा. तो शत्रूवरही चालतो हे कुणालाच माहीत नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांनाही नसावं, कारण असा माणूस त्यांच्या कल्पनेत कुठून येणार? बाबा त्या राक्षसापाशी गेले, फवारा सुरू केला आणि मायेनं त्याला नखशिखांत गार केलं.

"बाबा, नको!" ती किंचाळली. आणि लगेच, "...बाबांनो, सांभाळा! सगळ्यांनी सांभाळा!"

राक्षसानं डोळे उघडले. एक क्षण तोही चक्रावला असावा. मग त्यानं कृतज्ञता म्हणून पहिला गोळा बाबांवर घातला. तोवर बाबांच्या फवाऱ्याच्या झोतात बाकीचे दोघेही आले होते. पुढचं सांगण्यासारखं नाही. पाच फ्रीज, पाच ढीग. भंगारवाल्यानंही भाव केला नसता.

"काका!" डेंटिस्ट ओरडला. "तुम्ही... तुम्ही शत्रूला दुरुस्त केलंत!"

"हो ना," बाबा म्हणाले. आवाजात अपराध होता, पण कानाकोपऱ्यात कुठेतरी समाधानही. "बंद पडलेलं मशीन समोर असलं की हात राहत नाहीत हो, डॉक्टर. तुम्ही काय करता, शत्रूची दाढ दुखली तर?"

बाबा नळाकडे उठून गेल्यावर डेंटिस्ट तिला म्हणाला, "कप्तान, आता पुरे. पुढच्या रविवारपासून नवा माणूस. तुम्ही सांगा त्यांना, तुमच्या ओळखीचे आहेत."

जेवताना बाबा आपणहून हसत होते. मध्येच घास हातात धरून थांबायचे, राक्षसानं डोळे कसे उघडले ते करून दाखवायचे, आणि आईला काही कळलं नसतानाही ती ठसका लागेपर्यंत हसायची. मुलगी रागात होती. राग टिकवायला फार कष्ट पडत होते. सांगायचं तर होतं: बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही नाही. पण त्यांचं मनगट नळाच्या पाण्यानं अजून ओलं होतं, गालावर सकाळच्या साबणाचा पांढरा ठिपका वाळला होता, आणि तिला वाटलं, उद्या सांगू. घाई काय आहे?

सोमवारी दुपारी ती ग्रंथालयात असताना आईचा फोन आला. बाबा खिडकीपाशी बसले होते, ते बसलेलेच राहिले.

त्यानंतर घरात माणसं आली, गेली. जुनी गिऱ्हाइकं अजून फोन करत. त्यांना काही माहीत नसे. "फ्रीज फार आवाज करतोय, मालक आहेत का?" आई क्षणभर थांबे, मग म्हणे, "तासभर बंद ठेवा. तापला असेल." आणि फोन ठेवून देई. काही जणांनी परत फोन करून सांगितलं, चालू झाला म्हणून.

खूप रविवार असेच गेले. मग एका सकाळी आईच म्हणाली, "अगं, बस जा तुझ्या त्या खेळाला. घर फार गप्प झालंय."

ती बसली. हेडफोन लावले.

"कप्तान! आलात!" डेंटिस्ट जवळजवळ ओरडलाच. "आणि काका कुठायत? त्यांना सांगा, मी शब्द मागे घेतो. तो नवा माणूस आणला होता. नेम पक्का, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याच्याबरोबर जिंकायचासुद्धा कंटाळा आला हो!"

वाक्य तिनं घोकून ठेवलं होतं. घोकलेल्यातलं अर्धंच निघालं.

"काका आता येणार नाहीत. ते गेले."

मग भूगोलाच्या बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं बाई... आणि आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे," ती म्हणाली. आणि मग थबकली. "माझी आई? तुम्हाला... माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी," अकाउंटंट म्हणाला. "तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेव्हा. म्हणाले, 'कप्तान माझी मुलगी आहे. पण तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका. बिचारी फार कष्टानं लपवते.'"

"मला तर बजावलंच होतं," डेंटिस्ट म्हणाला. "'डॉक्टर, तुम्ही मला बिनधास्त बोला. सगळेच गोड वागलात तर तिला संशय येईल.' म्हणून बोलायचो. तसा मी खरोखरच चिडायचो, ते निराळं."

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून रडू आलं, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला बघत असल्यामुळे बराच वेळ काहीच बाहेर पडेना. ते चौघं थांबून राहिले. तिघं, असं तिनं मनात दुरुस्त केलं. पडद्यावर लढाई सुरू करण्याचं बटण लुकलुकत होतं, पण ते कुणी दाबलं नाही.

"काका नव्हते ते," ती म्हणाली.

"माहीत आहे गं," बाई म्हणाल्या.

"असू दे माहीत. मी अजून म्हणाले नव्हते." तिनं माइक तोंडाजवळ ओढला. "माझे बाबा होते ते."