भामरेसरांसमोर ‘सपोर्ट’ म्हणू नका

आमच्या ऑफिसात भामरेसरांसमोर ‘सपोर्ट’ हा शब्द कोणी काढत नाही. काढलाच, तर आधी त्यांचा चष्मा टेबलावर आदळतो आणि मग थेट अहिराणी सुरू होते. ‘‘कोठे शे सपोर्ट? दखाड माले!’’

सर मूळचे अमळनेरचे. सुरतेत उधन्याला साडीच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवणारी आमची कंपनी आहे, तिथले सगळ्यांत जुने प्रोग्रामर.

कुठल्याही ब्राउझरला थेट कळतील असे वेबसाइटचे सुटे भाग बनवता येतात. त्यांना वेब कंपोनंट म्हणतात. सरांनी साडीचा रंग निवडायला असा एक भाग बनवला होता. साध्या पानावर तो झकास चाले, पण आमच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आम्ही साइट उभारतो त्यात, बसवला की रुसून बसे.

‘‘हे फ्रेमवर्कवाले सपोर्ट आहे म्हणून छापतात, लाज नाही! मी रंगांची यादी देतो, हे तिचा चोथा करून पुढे ढकलतात. माझा भाग ओरडून सांगतो, गिऱ्हाइकाने रंग निवडला, तर ह्यांचे कान बंद! पाहुण्याला बोलवायचं आणि पायरीवर बसवायचं?’’

मी एकदा म्हटलं, ‘‘नव्या आवृत्तीत सुधारलंय म्हणे.’’

‘‘मग इतकी वर्षं काय खोटं बोलत होते?’’

आमचं काम तर अजून जुन्याच आवृत्तीवर होतं.

गेल्या महिन्यात नवी आलेली किंजल तो रंगांचा भाग बसवत होती. सरांनी बजावलं, ‘‘मध्ये जोडणीचा कोड लिही.’’

‘‘सर, डॉक्युमेंटेशनमां लख्युं छे, सपोर्ट छे.’’

सर असे भडकले की चहावाला दारातूनच मागे फिरला. पण किंजलही हट्टी. तिने कोड लिहिलाच नाही.

व्यापारी साइट बघायला आले. रंगांच्या नावांच्या जागी इंग्रजीत नुसतं ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’. व्यापाऱ्यांनी वाकून पाहिलं. ‘‘आ कयो कलर?’’

ते जाताच आमचे मालक मेहुलभाई गरजले, ‘‘आ कोणे कर्युं?’’

किंजलने स्क्रीनमागे तोंड लपवलं. आम्ही सगळे सरांच्या स्फोटाची वाट बघत होतो. सर उठले.

‘‘माझ्याकडून राहिलं. संध्याकाळपर्यंत करून देतो.’’

मेहुलभाईंनी त्यांना सगळ्यांदेखत झाडलं. सर खाली मान घालून उभे राहिले.

नंतर मीच चिडलो. ‘‘सर, तुम्ही का बोलणी खाल्लीत? चूक तिची होती!’’

‘‘पहिल्या नोकरीत मला असंच सगळ्यांसमोर झापलं होतं,’’ सर चष्मा पुसत म्हणाले. ‘‘खोलीवर गेलो, तर काय झालं म्हणून विचारायला कोणी नव्हतं.’’ चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘‘आता तरी कोण आहे म्हणा.’’

दुपारी किंजल डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ‘‘सर, पेलो जोडणीवाळो कोड समजावो ने.’’

सरांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. कोड थोडासाच होता. पण सर तो, आवाज न चढवता, दुपारभर समजावत राहिले.