वाव्हळे साहेबांचं मेज

ताडकळसच्या सिद्धोधन वाव्हळेंनी सकाळी सात वाजता मेजाचं झाकण लावलं. 'खट्' असा आवाज झाला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" रेणुकाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काई न्हाई."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. 'काई न्हाई' म्हणजे काय, ते रेणुकाबाईंना बरोबर कळायचं. त्या पिठाच्या हातानं तशाच बाहेर आल्या.

मेज जुनं, सागवानी, निजामाच्या अमदानीतलं. वर उतरतं झाकण. ते पुढं ओढलं की त्याचाच लिहायला फळा व्हायचा आणि आत कागद ठेवायचे बावीस छोटे कप्पे दिसायचे. निवृत्त झाल्यावर दोनच महिन्यांत वाव्हळेंनी ते नांदेडच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं आणि खिडकीपाशी, कूलरच्या जागेवर मांडलं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात कूलरची जागा अडवणाऱ्या वस्तूबद्दल घरच्या बाईचं मत काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

झाकणाला आपोआप बसणारं खटक्याचं कुलूप होतं. किल्ली एकच.

"किल्ली कुटं हाय?"

"बस्त्यात."

"आन् बस्ता?"

वाव्हळेंनी मेजाकडं बोट केलं.

तेहतीस वर्षं अभिलेख कक्षात काढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. कपाटातल्या कागदांची यादी आणि कपाटाची किल्ली एकाच लाल बस्त्यात, म्हणजे दप्तराच्या फडक्यात, गाठ मारून ठेवायची आणि बस्ता साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, ही त्यांची शिस्त. घरी साहेब नव्हते, म्हणून बस्ता मेजात गेला. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही किल्ली हरवली नव्हती. आजही हरवली नव्हती. कुठं आहे ते सगळ्या घराला माहीत होतं.

पण त्या बस्त्यात त्यांच्या मुलीचे, शुभदाचे, मूळ कागद होते. गुणपत्रकं, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, सगळं. आणि आज अकरा वाजता परभणीला तिची कागदपत्रांची पडताळणी होती. दोनदा एकेका मार्कानं हुकून तिसऱ्या वर्षी कनिष्ठ लिपिकांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. मूळ कागद दाखवले नाहीत तर नाव कटणार, असं सूचनेत ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"पप्पा, मी रातीच बॅगंत टाकायले होते," शुभदा म्हणाली. तिचा आवाज रडकुंडीला आला होता.

"बॅगंत चुरगळतेत. म्हनून तर मेजात ठिवले."

सुतार बजरंग आला. त्यानं मेजाभोवती दोन चकरा मारल्या, मागून टकटक केलं, वाकून खालून बघितलं. बिजागऱ्या आतून, पाठीला एक खिळा नाही.

"लय उस्ताद माणसानं केलंय," तो कौतुकानं म्हणाला आणि पिशवीतून छिन्नी काढली.

"खबरदार!" वाव्हळे मेजाच्या आडवे उभे राहिले. "शंभर वर्षाचं मेज हाय. छिन्नी लावायची न्हाई."

"मग मंत्र म्हनू का साहेब?"

"पोरीच्या नोकरीपरीस लाकूड मोठं झालं का ओ तुमाला?" रेणुकाबाई कडाडल्या.

वाव्हळेंनी मान खाली घातली. पण जागचे हलले नाहीत. शेवटी बजरंगनंच तोड काढली. परभणीच्या बसस्टँडमागं एक किल्लीवाला बसतो, तो तारेनं कसलंही कुलूप उघडतो. परभणीला जायचंच आहे, तर मेजच घेऊन जाऊ. बजरंगचा टेम्पो दारातच उभा होता. पावणेनऊला मेज टेम्पोत चढलं, त्याच्या एका बाजूला वाव्हळे, दुसऱ्या बाजूला बजरंगची हत्याराची पिशवी. मायलेकी पुढं बसल्या. रस्त्यात खड्डा आला की वाव्हळे मेजाला मिठी मारायचे. मागून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बघून हसत होती.

किल्लीवाल्याच्या जागेवर नुसती छत्री होती. शेजारचा चहावाला म्हणाला, "तो झरीला गेलाय. मेव्हन्याचं लगीन हाय. परवा यिल."

साडेदहा झाले होते. टेम्पो सरळ कार्यालयाच्या आवारात घातला.

शुभदाचं नाव पुकारलं तेव्हा ती मोकळ्या हातानं पडताळणीच्या मॅडमपुढं उभी राहिली.

"मूळ कागदपत्रं?"

"आणलेत, मॅडम."

"कुठं आहेत?"

"खाली, टेम्पोत."

मॅडमना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. त्या तणतणत व्हरांड्यात आल्या. चौघा पोरांनी मेज तोवर टेम्पोतून उतरवून कडुलिंबाखाली ठेवलं होतं. उमेदवारांचा घोळका भोवती जमला होता.

"मॅडम, मूळ कागद सोबत आणायचे, असं लिहिलं होतं," शुभदा धीर करून म्हणाली. "सोबत हायत."

मॅडमनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मेजाकडं. "मला दिसले पाहिजेत. पाच मिनिटं देते. नाहीतर पुढचं नाव."

बजरंगनं वाव्हळेंकडं बघितलं. वाव्हळेंनी शुभदाकडं बघितलं. तीन वर्षं ही पोर पहाटे चारला उठत होती आणि आपण लाकडाला जपत बसलोय, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी बजरंगच्या पिशवीतला हातोडा उचलला आणि दुसऱ्या कुणाला काही कळायच्या आत झाकणावर घातला.

एका घावात काही झालं नाही. चौथ्या घावाला झाकण कुलपासकट पुढं पडलं. लाल बस्ता निघाला, गाठ सुटली, कागद मॅडमच्या हातात गेले. तीन मिनिटांत शिक्का बसला. शुभदा बापाच्या गळ्यात पडून रडली. रेणुकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. बाकीचे उमेदवार आपापली फाइल उघडून आत कागद आहेत का ते बघू लागले.

मेज परत टेम्पोत चढवताना फाटकावरचा शिपाई बालाजी आडवा आला.

"काका, हे बाहेर न्यायचं न्हाई. गेट पास दाखवा."

"अरे, आमचंच हाय हे! आत्ताच आनलं न्हवं का?"

"आत आल्याची नोंद न्हाई. नोंद न्हाई म्हंजे हापिसचं."

बजरंग भांडायला निघाला. वाव्हळेंनी त्याला थांबवलं. बालाजीचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. त्यांनी कोरा कागद मागितला, मेजाच्या मोडक्या फळ्यावर ठेवला आणि 'विषय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत गेट पासचा अर्ज एकटाकी लिहून काढला. ना खाडाखोड, ना समास वाकडा.

मागं उभ्या असलेल्या एका पोरानं तो वाचला. "काका, माझ्या नावात फरक हाय. मला पन अर्ज पाहिजे. असाच."

त्याच्यामागं दुसरा आला. मग रांगच लागली. दुपारी तीनपर्यंत वाव्हळे मान वर न करता लिहीत होते. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा एवढा खुललेला रेणुकाबाईंनी बघितला नव्हता.

शुभदाला जुलैमध्ये पूर्णेला नेमणूक मिळाली. वाव्हळे मात्र अजून रोज आठच्या बसनं परभणीला जातात, डबा घेऊन. मेज कडुलिंबाखालीच आहे, वर ताडपत्री आहे, समोर लोक आहेत. संध्याकाळी थकून येतात आणि जेवताना एकच विषय काढतात: मेज घरी आणायचंय, पण गेट पासचं अजून काही कळत नाही.

"सरकारी काम हाय," रेणुकाबाई कूलरसमोर बसून म्हणतात. "यिल की."

गेट पास ऑगस्टमध्येच टपालानं आला. त्या दिवशी घरी रेणुकाबाई एकट्याच होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला, चार घड्या केल्या आणि ज्वारीच्या कोठीत पार तळाशी घातला.