हैबती नट पिंजऱ्यात गप्प राहिला त्याची बखर

विघ्नहर्त्यास वंदन, शारदेस वंदन, आणि पडद्यासमोर मांडी घालून बसलेल्या समस्त रयतेस त्रिवार वंदन, की जिच्या टाळीवाचून देवाचेही सोंग फिके पडते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेपासून पंचमीपावेतो जे वर्तमान घडले त्याविषयी हुजुरांनी पुसिले की, 'एका मालिकेचा एक भाग तो काय, आणि तो पाहून आमची रयत ऐसी का खवळली?' त्याजवरून ऐकिले-पाहिले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर ते मिठाइतुके. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारचे राज्य म्हणेल, आमच्याकडे कधीच पाहून झाले.

ते राज्यी हैबतराव म्हणोन नट होते. वय छपन्न, भिवया कोळशाने ओढल्यासारख्या, आणि आवाज ऐसा की जत्रेच्या तंबूत हसू लागले म्हणजे बाहेर बैल दावी तोडीत. तीस वर्षे त्यांनी राक्षस केले, कपटी कारभारी केले, दुधात विष कालविणारे मामा केले, आणि दर खेळात शेवटी मेले. दुसरे दिवशी बाजारात गेले की माळणी म्हणत, 'काल मेला, आज आला बघा वांगी निवडायला!' हैबतराव हसत आणि किडके वांगेसुद्धा परत टाकीत नसत, ऐसा स्वभाव लोण्याचा. घरी एकच लेक, मैना. ती चार वर्षांची असता तिची आई देवाघरी गेली, तेव्हापासून घरात बाप तेच आणि आईही तेच. मैना उपवर जाहली आणि तळ्याकाठच्या खाणावळीच्या धनीण ठकूबाई यांचे चिरंजीव केदार यांसी सोयरीक ठरली. पोरगा गुणी, पोरीचे मन त्याजवर आणि त्याचे पोरीवर, हे साऱ्या तळ्याला ठाऊक. ठकूबाई मात्र मोठ्या करारी. पंगतीत कोणी पानात टाकिले तर दुसरे दिवशी त्यास पाटच मांडीत नसत. पंचमीस सकाळी सुपारी फोडावी आणि लग्न पक्के करावे, ऐसा निश्चय जाहला. आणि त्याच सुमारास हैबतरावांस जन्मात प्रथमच शिंगांवाचून आणि विषावाचून काम मिळाले.

मालिका कोर्टकचेरीची, खुनाची, नाव 'पिंजऱ्यातील इसम', आणि तो इसम म्हणजे खासे हैबतराव. धान्याच्या व्यापाऱ्याचा खून होतो, कोठारात आरोपीची शाल सापडते, आणि खटला उभा राहतो. खुनी कोण, हे शेवटच्या भागापावेतो कोणास कळू नये म्हणोन मालिकेच्या कर्त्यांनी लहानथोर साऱ्यांकडून खंडोबापुढे बेलभंडारा उचलविला, की निकाल फोडीन तर देव पाहून घेईल. हैबतरावांनीही कपाळास भंडारा लावून शपथ घेतली आणि ते विसरून गेले. तृतीयेस तिन्हीसांजेस चावडीपुढे मोठा पडदा लाविला. बाया पोळपाट आवरून आल्या, दुकानदार फळ्या लावून आले, ज्यांस पाय नव्हते ते दुसऱ्याच्या पाठीवर बसून आले. पडद्यावर सरकारी वकीलबाई उभी राहिली, काळा डगला, नाकावर चष्मा, आणि तिने पिंजऱ्याकडे बोट करून विचारिले, 'खून झाला त्या घटकेस तू कोठे होतास?' हैबतराव बोलेनात. तिने पुन्हा विचारिले. बोलेनात. डोळ्यांत पाणी तेवढे भरत आले, काठापाशी थांबले, आणि तिथेच भाग पहिला समाप्त.

मग जो कल्लोळ जाहला तो काय वर्णावा! कोणी पडद्यामागे जाऊन पाहिले की उरलेले तिकडे ठेविले आहे काय. निम्म्या बाया पदराने डोळे पुसू लागल्या, निम्म्या म्हणाल्या, 'ह्या भिवया मी ओळखते, ह्या निर्दोष माणसाच्या नव्हेतच.' न्हाव्याच्या ओट्यावर दोन तट पडले आणि एका गिऱ्हाइकाची एकच मिशी कापून न्हावी वादास उभा राहिला. तरुण मंडळींनी आपापल्या हातपेट्यांतून तांबडे बदाम धाडिले, कोणी रडकी तोंडे धाडिली, कोणी वकीलबाईस उद्देशून ऐसे काही लिहिले की तिच्या आईने लिहिणाऱ्याच्या आईस बोलाविले. चतुर्थीच्या सकाळी पापड लाटणाऱ्या बायांनी ओवीसुद्धा केली:

पिंजऱ्यातला माणूस, कसा बोलेना बोलेना,
डोळ्यांतलं पाणी बाई, खाली सांडेना सांडेना.

हैबतरावांनी ती खिडकीतून ऐकिली आणि आनंदाने त्यांचा ऊर भरून आला. तीस वर्षांत त्यांच्या मरणावर लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या, पण त्यांच्या गप्प राहण्यावर कोणी गाणे केले नव्हते. इतक्यात दारात ठकूबाई उभ्या, मागे केदार मान खाली घालून.

ठकूबाई उंबऱ्याबाहेरूनच बोलिल्या, 'हैबतराव, एकच विचारते. तुम्ही मारलं की नाही मारलं?'

हैबतराव म्हणाले, 'ठकूबाई, अहो ते सोंग आहे.'

'सोंग आहे ते मला कळतं, मी काही डोक्यावर पडलेली नाही. पण तीस वर्षं दुष्ट, आणि आता खुनी. इतकं हुबेहूब जमतं, तर आत काहीतरी मूळ असल्याशिवाय जमत नाही. वाटीत नसेल ते ताटात कुठून येईल?'

केदार हळूच म्हणाला, 'आई, नाटक आहे गं ते.'

'तू गप. तुला अजून आमटीत मीठ कळत नाही, तू माणसं काय पारखणार!' आणि मग त्या स्वर उतरवून बोलिल्या, 'माझ्या एकटीच्या कानात सांगा. निर्दोष असाल तर उद्या सुपारी फुटेल. खुनी असाल तरी सांगा, विचार करीन. पण ज्याला विचारलं आणि जो नुसता बघत राहतो, त्याच्या घरची सून मी घेणार नाही. उद्याची सकाळ, नाहीतर कधीच नाही.' ऐसे बोलोन गेल्या.

हैबतराव पाटावर बसले ते बसलेच. एक शब्द बोलावयाचा, आणि लेकीचे घर उभे राहते. न बोलावे तर मोडते. शब्द जिभेच्या टोकास येई आणि कपाळीचा भंडारा आठवून मागे फिरे. मैना ताकाचा गडवा पुढे ठेवून बसली, आणि म्हणाली, 'आबा, सांगून टाकाल तुम्ही. मला माहितीये.'

'तुझ्यासाठी बेलभंडारासुद्धा मोडीन गं. खंडोबा बाप आहे, त्याला कळेल.'

'त्याला कळेल. मला नाही कळणार,' मैना म्हणाली. 'सासरी रोज आमटी वाढताना वाटेल, माझ्यापायी आबा खोटे पडले. मला केदार हवाय, आबा, खूप हवाय. पण असा नको.' आणि मग तिने तोंड फिरविले, कारण डोळे तिचेही बापासारखेच, काठापाशी पाणी थांबविणारे.

हे बोलणे शेजारच्या कासारणीने, गंगूबाईने, भिंतीपलीकडून ऐकिले. कान तिचे भिंतीसच लागलेले होते हे खरे, पण मन मोठे. ती तडक चावडीवर गेली आणि म्हणाली, 'अरे बसलात काय वाद घालीत! पोरीचं लग्न मोडतंय. आणि तो माणूस निर्दोष आहे, मी डोळ्यांनी पाहिलं! कोठारातली किंकाळी ऐकू येते ना, त्याच वेळी बाजारात मागे रसवंतीवर एक हात ग्लास धरतो. तोंड दिसत नाही, पण हातात कडं आहे, आणि ते कडं हैबतरावांचं. जन्मभर मनगटं धरून बांगड्या भरल्या मी, मनगट मला चुकायचं नाही!' लोकांनी तो भाग पुन्हा लाविला, थांबविला, पुन्हा लाविला, आणि खरेच हात दिसला. मग काय, जो तो म्हणू लागला, 'मीही पाहिले. मीही साक्षीदार.' आणि त्या राज्यात रीतच ऐसी की ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने कचेरीत जाऊन सांगितले पाहिजे, न सांगेल तर तो पापाचा वाटेकरी. पडद्यावर पाहिले की रस्त्यावर पाहिले, हा भेद पूर्वजांनी कोठे लिहून ठेविला नव्हता.

सबब पंचमीस सकाळी तीनशे चाळीस साक्षीदार राज्याच्या खऱ्या कचेरीपुढे उभे राहिले. पुढे कासारीण, मागे न्हावी, न्हाव्यामागे एका मिशीचे गिऱ्हाईक. मध्ये हैबतरावांस धरून आणिले, मैना आली, आणि आपल्यावाचून आपला निर्णय होतो हे ऐकून ठकूबाई तर पदर खोचून आल्या. न्यायाधीश त्र्यंबकशास्त्री आसनावर बसले होते. मोठे विद्वान, मोठे कडक, हसले ऐसे कोणास आठवत नाही. त्यांनी विचारिले, 'खून कोणाचा?' लोक म्हणाले, 'धान्यवाल्याचा, पडद्यावरच्या.' शिपाई हसला. शास्त्रीबुवा हसले नाहीत. गंगूबाईने कड्याची साक्ष दिली, ती त्यांनी डोळे मिटून ऐकिली, आणि एकाएकी डोळे उघडून बोलिले, 'कडे म्हणता ते उजव्या हातात आहे, बाई. आरोपीचे कडे डावीकडे. आणि कोठाराच्या भिंतीवरची सावली पश्चिमेस पडली आहे, म्हणजे वेळ सकाळची. रसवंती सकाळी उघडते कोठे?'

न्हावी पुढे सरून म्हणाला, 'शास्त्रीबुवा, तुम्हीपण पाहिलंत?'

शास्त्रीबुवा पागोटे सावरीत म्हणाले, 'तीनदा. आमच्या कुटुंबाने चारदा. तिचे म्हणणे, वकीलबाईच खुनी.' आणि मग त्यांस आपले पद आठवले, आणि ते गंभीर होऊन बोलिले, 'ज्याने पाहिले तो साक्षीदार, आणि साक्षीदाराने न्याय करू नये. सबब आम्हांस हे आसन आज वर्ज्य.' ऐसे म्हणोन ते खाली उतरले आणि न्हाव्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. आता आसनावर कोणी बसावे? सभेत न पाहिलेला एकही निघेना, शिपायानेदेखील पाहिले होते. तेव्हा शास्त्रीबुवाच म्हणाले, 'तक्रार ठकूबाईंची, घर त्यांचे, सून त्यांची. खुनाचे राहू द्या. सोयरिकीचा न्याय त्यांनीच करावा.' आणि राज्याच्या इतिहासात प्रथमच खाणावळीची धनीण न्यायासनावर बसली. बसताना तिने आसन पदराने झटकून घेतले, धूळ पाहून शिपायाकडे पाहिले, आणि शिपाई अर्धा जाहला.

ठकूबाईंनी विचारिले, 'हैबतराव, शेवटचं विचारते. मारलं, की नाही मारलं?'

तीनशे चाळीस माणसे श्वास धरून राहिली. हैबतरावांनी मैनेकडे पाहिले, केदाराकडे पाहिले. हात जोडिले, ओठ हालले, आणि शब्द आला नाही. डोळ्यांत पाणी भरत आले. पडद्यावर ते काठापाशी थांबले होते, येथे ते सांडले. कासारीण हुंदका देऊन म्हणाली, 'अगं बाई, हे तर खरं!'

ठकूबाईंनी त्या भिजलेल्या मिशा पाहिल्या आणि मैनेस हाक मारिली, 'इकडे ये पोरी. हा तुझा बाप तंबूत माणसं मारून घरी यायचा, तेव्हा काय करायचा?'

मैना म्हणाली, 'वेणी घालायचे माझी. जत्रेहून यायला उजाडायचं आणि शाळेची घंटा व्हायची, म्हणून तोंडावरचा रंग तसाच, शिंगंही तशीच. फार घट्ट घालायचे. मी रडले की म्हणायचे, राक्षसाला घट्टच येते गं बाई, सांभाळून घे.'

सभेत प्रथम कोणी हसले, मग कोणी नाक ओढिले, मग दोन्ही एकदम होऊ लागले. त्र्यंबकशास्त्री खांबाकडे तोंड करून बसले. आणि ठकूबाई उठल्या, त्या करारी ठकूबाई, आणि बोलिल्या त्या हळू:

'माझ्या सासूनं मरताना मला काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं. तिच्या सासूनं तिला. किती दगडफूल, किती नागकेशर, भाजायचं कुठवर. आमच्याकडचे आचारी मागून थकले, सरदारांनी पालखी धाडली, मी जीभ हलवली नाही. ह्या केदारला सांगितलं तर संध्याकाळी सगळ्या तळ्याला माहीत. मला रोज घोर, की हे कोणाच्या हाती देऊ. पोरी मी पुष्कळ पाहिल्या, पण पोटात ठेवणारं घर दिसेना.' मग हैबतरावांकडे वळून म्हणाल्या, 'काल विचारलं, आज विचारलं, लेकीचं लग्न मोडायला आलं तरी ह्या माणसानं शब्द फोडला नाही. आणि लेक बापाला सांगते, फोडू नका. अशा घरची सून सोडून मी काय वेड लावून घेऊ? मारलं असेल नसेल, तुमचं तुम्हांपाशी. सुपारी आणा!'

सुपारी ठकूबाईंच्या कनवटीसच होती. त्यावरून कित्येकांनी तर्क केला की निकाल त्यांनी घरूनच ठरवून आणिला असावा, पण तो तर्क त्यांच्यासमोर करण्याची छाती कोणाची? शास्त्रीबुवांनी कागदांवर ठेवावयाचा दगड दिला, आणि त्या दगडाने न्यायासनाच्या पायरीवर सुपारी फुटली. केदाराने मैनेकडे ऐसे पाहिले की एका मिशीच्या गिऱ्हाइकाने उगाच खोकून घेतले. बायांनी उभ्याउभ्याच ओवी धरिली:

बाप माझा गं राक्षस, शिंगं त्याची कागदाची,
घट्ट वेणी घालताना, बोटं थरथर मायेची.

मग साऱ्यांस साखर वाटिली. शिपायाने स्वखुशीने आसन पुसिले, आणि न्हाव्याने पायरीवरच बसून दुसरी मिशी कापून हिशेब बरोबर केला. मंडळी पांगली तेव्हा ठकूबाई हैबतरावांपाशी आल्या, इकडेतिकडे पाहिले, आणि कानाशी लागून म्हणाल्या, 'व्याहीबुवा, आता तर घरचेच झालो. सांगा ना, कोणी मारलं?'

हैबतराव हसले, हात जोडिले, आणि गप्प राहिले.

'शाबास,' ठकूबाई म्हणाल्या, आणि चूल पेटवावयास घरी गेल्या.

येणेप्रमाणे मालिकेचा भाग पहिला पाहून राज्यात जे जाहले ते लिहिले. खून कोणी केला हे अद्यापि कोणास कळले नाही. परंतु लग्न मार्गशीर्षातच लागले, आणि पंगतीच्या आमटीस ऐसी चव होती की खाणाऱ्यांनी मैनेस पुसिले, 'काय काय घातलंस गं?' तेव्हा नवी सून नुसती हसली. इतकीच हकीकत. दौत झाकिली, बोटांची शाई पुसिली, वाचणाऱ्याचे कल्याण असो.