दामल्यांचा माळा

बंदूक दामल्यांच्या हातातून सुटली ती चहाचा फ्लास्क वाचवताना. फ्लास्क फळीच्या कडेला ठेवला होता. त्याला त्यांचं कोपर लागलं, तो कलंडला, आणि दामल्यांनी झेप घालून तो दोन्ही हातांनी धरला. दोन्ही हातांनी. म्हणजे बंदुकीला हात उरला नाही. ती मांडीवरून घसरली, शिडीच्या पायरीवर आपटली, खुंटीला अडकवलेली पिशवी सोबत घेऊन खाली धुक्यात गेली, आणि बार झाला.

बारानंतर खाली काहीतरी मऊ पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पाखरू नाही, पान नाही. क्षणभरापूर्वी शिडीखाली कोणीतरी श्वास घेत होतं. तो श्वासही थांबला होता.

दामले फ्लास्क पोटाशी धरून बसले होते.

"आक्का," ते कुजबुजले, "ती खालीच होती ना?"

"खालीच होती," मी म्हटलं.

दामले नेहमी कुजबुजतच बोलतात. जंगलात मोठ्यानं बोलायचं नसतं, आणि माणसाला सवय एक असावी, दोन नसाव्यात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बेकरीतसुद्धा ते पाव कुजबुजत मागतात. बेकरीवाली बाई आधी इकडेतिकडे बघते आणि मग पाव देते. तिला वाटतं, हा माणूस काहीतरी भलतंच मागतोय.

जर्मनीत एर्लांगेनपासून बसनं अर्ध्या तासावर माझ्या लेकीचं, वैशालीचं घर आहे. गावाभोवती माशांची तळी आहेत. हिवाळ्यात दुपारी तीन वाजल्यापासून त्यांच्यातून धुकं निघतं आणि रस्ता, कुंपण, शेजाऱ्याचं घर असं एकेक गिळत येतं. ते शेजाऱ्याचं घर दामल्यांचं. पुण्याहून पंचेचाळीस वर्षांपूर्वी आलेले इंजिनिअर. जन्मभर गाड्यांचे ब्रेक बनवले. बायको वारली. मुलगा बॉबलिंगेनला आहे, त्याला फार काम असतं असं दामले सांगतात. मी त्याला एकदाही पाहिलेला नाही.

नियम हा त्यांचा देव. इथे काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यात मोठे डबे आहेत, पण दुपारी एक ते तीन टाकायच्या नाहीत, लोकांची झोप मोडते. दामले एकदा एक वाजून दोन मिनिटांनी तिथे पोचले. घर पाच मिनिटांवर. पण ते बाटली मांडीवर घेऊन तीनपर्यंत बाकावर बसून राहिले. मी विचारलं, "अहो दामले, बाटली बाजूला ठेवून घरी का नाही आलात?" तर म्हणाले, "कचरा बेवारस ठेवायचा नाही, आक्का. गेनाऊ." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. दामले स्वतःच बोलतात आणि स्वतःच स्वतःला अगदी बरोबर म्हणतात. घरात दुसरं कोणी म्हणणारं नाही.

असा हा माणूस अंडंही खात नाही. केक दिला तर खोक्यावरचं बारीक अक्षर वाचतो, मग नको म्हणतो. आणि या माणसानं अडुसष्टाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिली. इथे परीक्षा दिल्याशिवाय बंदूक मिळत नाही. लेखी, तोंडी आणि नेमबाजी, तिन्हीत दामले पास. हरणाचं आतडं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यांना तोंडपाठ आहे. एकदा वैशालीकडे जेवताना त्यांनी ते कुजबुजत सांगितलंही. वैशालीनं ताट सरकवलं.

परीक्षा झाल्यावर त्यांना जंगलात बसायची जागा मिळाली. चार खांबांवर फळ्यांची खोली, वर छप्पर, चढायला शिडी. इथे त्याला होखझिट्स म्हणतात. मी माळा म्हणते, कारण तो माळाच आहे. मी चौथीनंतर शाळा सोडली ती माळ्यावर बसायलाच. ज्वारी दाण्यात आली की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाखरं हाकायची. हातात गोफण, कमरेला भाकरी.

सप्टेंबर ते जानेवारी, रोज संध्याकाळी दामले त्या माळ्यावर. हिरवी टोपी, तिला इस्त्री. दोन तास बसायचं, उतरायचं आणि वहीत लिहायचं, "आज काही दिसलं नाही." दोन वर्षं रोज तेच वाक्य. गावातले शिकारी हसायचे. म्हणायचे, हा माणूस जंगलात झोपायला जातो.

गेल्या वर्षी त्यांना शिडीवर चक्कर आली. त्या जंगलातली शिकार ज्यांच्या ताब्यात आहे ते लिंडनर म्हणाले, यापुढे एकट्यानं चढायचं नाही, सोबत आणा. दामल्यांनी गावभर विचारलं. दोन तास थंडीत गप्प बसायला कोण येणार? मी गेले. दिवसभर मला बोलायला फ्रिज असतो. त्यापेक्षा दामले बरे. पातळाखाली वैशालीची बर्फातली पँट चढवली आणि निघाले.

पहिल्याच संध्याकाळी तो आवाज ऐकला. खाली पांढरं धुकं, जणू माळा कुणी दुधात उभा केलाय. आणि त्या धुक्यात कोणीतरी चालत होतं. टप, टप, टप. मग काहीतरी ओढल्यासारखं. पुन्हा टप, टप, टप, आणि ओढ. तीन पायांचं चालणं. ते माळ्याला एक फेरी घालून शिडीपाशी थांबलं आणि वर बघत असल्यासारखं श्वास घेऊ लागलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"येते," दामले म्हणाले.

"कोण येते?"

"रोज येते."

मग त्यांनी पिशवीत हात घालून काहीतरी खाली टाकलं. खाली चावल्याचा आवाज झाला. घरी जाताना त्यांनी वहीत लिहिलं, "आज काही दिसलं नाही." धुकं होतं, दिसलं नव्हतं हे खरंच.

मी वैशालीला म्हटलं, तुमच्या दामल्यांनी जंगलात काहीतरी पाळलंय. ती म्हणाली, "आई, तू जाऊ नकोस हं परत." मी दुसऱ्या दिवशी गेले. मला थंडीची भीती वाटते, बाकी कशाची नाही. पण खरं सांगते, आठ दिवस मी तो आवाज ऐकला की पदर तोंडाशी धरायची. एकदा तर ती भुंकली. हरीण भुंकतं हे मला ठाऊक नव्हतं. घसा कापलेला कुत्रा भुंकेल तसं.

नवव्या दिवशी धुकं नव्हतं तेव्हा दिसली. शेळीएवढं हरीण, मादी. पुढचा डावा पाय वाकडा, जमिनीला नुसता घासत येणारा. शिडीखाली उभी राहून ती दामल्यांकडे बघत होती आणि दामले तिच्याकडे. बंदूक कोपऱ्यात उभी होती, मुकाट.

माळ्यावर बसणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. मारायला बसणारी आणि राखायला बसणारी. मी दुसऱ्या तऱ्हेची होते, म्हणून मला लगेच कळलं. ज्या माळ्यावर दामले बसलेत तिथे दुसरा शिकारी बसू शकत नाही. म्हणून ते रोज बसतात. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला कुठलातरी नियम सांगितला असता.

पण लिंडनरनीही ती पाहिली. या डिसेंबरात ते दामल्यांच्या स्वयंपाकघरात आले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि बोलले. दामल्यांनी मला मराठीत सांगितलं. लंगडं जनावर हिवाळ्यात हाल होऊन मरतं, ते आधी मारायचं, असा नियम आहे. शनिवारपर्यंत दामल्यांनी मारावं. नाहीतर रविवारपासून त्या माळ्यावर लिंडनर स्वतः बसतील. माणूस वाईट नाही. दामल्यांचा चहा पिऊन कप विसळून गेला.

शनिवारी दामल्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा बंदूक भरली.

"दुसऱ्यानं मारण्यापेक्षा मी मारलेलं बरं," ते कुजबुजले. "माझ्याजवळ ती पळणार नाही. एका गोळीत होईल."

"हात बघा तुमचे," मी म्हटलं.

ती आली. टप, टप, टप, आणि ओढ. धुक्यातून तिचे कान तेवढे वर आले. दामल्यांनी बंदूक खांद्याला लावली. नळी म्हाताऱ्याच्या मानेसारखी हलत होती. किती वेळ गेला कोण जाणे, माझे पाय बधिर झाले. मग त्यांनी बंदूक तशीच, घोडा ताणलेला, मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाले, "आक्का, आधी चहा घेऊ."

पुढचं सांगून झालंच आहे.

बार झाल्यावर आम्ही तसेच बसून होतो. दामल्यांना उठवेना. मग ते बोलू लागले. कुजबुजतच, पण फार भरभर.

"माझ्याच गाडीनं झालं, आक्का. तीन वर्षांपूर्वी. पिल्लू होती. तळ्याच्या वळणावर धुक्यातून समोर आली. ब्रेक दाबला, पण उशीर झाला. चाळीस वर्षं मी लोकांना ब्रेक बनवून दिले."

"मग?"

"मग पोलिसांना कळवायचं असतं. ते शिकाऱ्याला बोलावतात आणि शिकारी तिला मारतो. नियम आहे. मी फोन हातात घेतला होता. ती रस्त्याकडेला पडून माझ्याकडे बघत होती. मी फोन खिशात ठेवला. जन्मात तेवढाच एक नियम मोडला. आणि तिला सांभाळायला माळ्यावर चढायचं, तर परीक्षेशिवाय चढता येत नाही. म्हणून परीक्षा दिली."

मी फ्लास्क त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मुलाला मी हे सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "रोज येते ती. न चुकता. दुसरं कोण येतं हो माझ्याकडे?"

"मी येते," मी म्हटलं. "आता उठा. ती अर्धमेली पडली असेल तर बघायला हवं."

पुढे मी उतरले. तिसरी पायरी बंदुकीनं मोडली होती, पाय एकदम पोकळीत गेला. खाली बंदूक पालापाचोळ्यात पडली होती आणि तिच्याजवळ दामल्यांची पिशवी, फाटलेली. वाळलेल्या पानांवर लाल पसरलं होतं. दामल्यांनी विजेरी लावली, ते लाल पाहिलं आणि शिडीला धरून खालीच बसले.

मी वाकून बोट लावलं. गार होतं. रक्त इतक्यात गार होत नाही. मी बोट चाटलं.

"दामले," मी म्हटलं, "बीट आहे."

पिशवीत सोललेली गाजरं आणि उकडलेलं बीट होतं. गोळी बिटातून आरपार गेली होती. या शिकाऱ्याच्या पिशवीत दुसरं काही नव्हतंच. सुरीसुद्धा भाजी चिरायची.

दामले तरी उठेनात. "मग ती कुठे गेली?" ते विचारत होते. "लागली असेल आणि पळाली असेल तर? आत कुठेतरी पडली असेल."

तेवढ्यात धुक्यात पिवळा दिवा दिसला. बार ऐकून लिंडनर येत होते. इथे रीत अशी, की शिकार झाली की तिथल्या झाडाची डहाळी मोडायची, जनावराच्या रक्तात बुडवायची आणि मारणाऱ्याला टोपीत खोवायला द्यायची. लिंडनर वाटेतच डहाळी मोडून आले होते. काही न विचारता त्यांनी टोपी काढली, वाकले, त्या लालात डहाळी बुडवली, आणि उठता उठता थांबले. त्यांनी डहाळी नाकाशी नेली.

लिंडनरनी दिवा फिरवला. गाजरं दिसली. पडलेली बंदूक दिसली. खाली बसलेले दामले दिसले. मग माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलून गाजरं भरू लागले, पायदळी जाऊ नयेत म्हणून.

आणि मग आवाज आला. लांब, तळ्याच्या बाजूनं. टप, टप, टप, आणि ओढ. नेहमीचाच. घाई नाही, लटपट नाही. तिघंही कान देऊन उभे राहिलो. आवाज जवळ आला, धुक्यात थांबला, श्वास ऐकू आला. दामल्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता.

लिंडनर फार वेळ ऐकत होते. मग ते शिडीकडे गेले, मोडकी पायरी हातानं हलवली आणि एकच शब्द बोलले. "गेशपेर्ट." म्हणजे बंद. शिडी मोडकी असेल तर माळ्यावर कोणालाही चढता येत नाही. दामल्यांना नाही, लिंडनरनाही नाही. तसा नियम आहे. पायरी बसवायला दहा मिनिटं लागली असती, पण सुतार फेब्रुवारीशिवाय मिळणार नाही, असं लिंडनर म्हणाले. फेब्रुवारीत मादी मारायला बंदी असते. बंदूक मात्र ते घेऊन गेले. ती परत मिळणार नाही आणि मिळूही नये.

दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली. दामले पाटीपुढे पाऊल टाकत नाहीत. रोज चारला इस्त्रीची टोपी घालून, फ्लास्क घेऊन पाटीच्या अलीकडे उभे राहतात. मी शेजारी. त्या शनिवारच्या पानावर त्यांनी वहीत काय लिहिलंय ते मी पाहिलं आहे. "आज काही दिसलं नाही."

बार झाला तेव्हा त्या माळ्यावर दामले होते आणि मी होते, आणि खाली ती होती. तिघंही जिवंत आहोत.