किनाकोच्या चिपचा विचार चालू आहे

कुरासे गावच्या तिसऱ्या आळीत दर पंधरा दिवसांनी फिरती फाइल येते. घरातल्या कर्त्या माणसाने ती वाचायची, आपल्या नावाच्या चौकटीत लाल शाईचा शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची, असा शिरस्ता आहे. मार्चच्या पहिल्या फाइलीत तीन कागद होते. पहिल्यात गटारं उपसण्याची तारीख होती. दुसऱ्यात, गाद्या बडवताना आवाजाचं भान ठेवावं अशी विनंती होती. तिसरा कागद पाळीव कुत्र्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवण्याबाबत होता.

ओरिहारा सादाओ यांनी तिन्ही कागदांवर शिक्का मारून फाइल मिटली. पाणीपुरवठा कार्यालयात त्यांची अडतीस वर्षं गेली होती आणि त्या काळात त्यांच्या टेबलावर एकही कागद दीड मिनिटापेक्षा जास्त टिकला नव्हता. त्यांचा शिक्का किंचित डावीकडे कललेला उमटे. वरिष्ठांची चौकट डावीकडे असते, तिच्यापुढे आपला शिक्का ताठ उभा राहिला तर बरं दिसत नाही, म्हणून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना तो वाकवायला शिकवला होता. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी शिक्का काही सरळ झाला नाही.

"अहो, तिसरा कागद वाचलात का?" त्यांच्या पत्नी फुमिए यांनी विचारलं.

"वाचला की."

"काय आहे त्यात?"

"गाद्यांचं."

"गाद्यांचं दुसऱ्यात आहे. हे आपल्या किनाकोचं आहे."

किनाको त्या वेळी खिडकीतल्या उन्हात पडली होती. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा रंग, म्हणून नाव किनाको. वय बारा, वजन दोन किलोंच्या आत. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऐकू येणं न येणं सर्वस्वी तिच्या मर्जीवर. गेल्या वर्षात ती दोनदा कुंपणातून निसटली होती. दोन्ही वेळा सापडली, पण तेवढ्या तासाभरात फुमिएंच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. मुलगा दूरच्या शहरात, त्याचा फोन नववर्षाला येई. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्या घरात जे काही बोलणं होई, ते किनाकोशी किंवा किनाकोविषयी.

"बसवून टाका चिप," फुमिए म्हणाल्या. "तिसऱ्यांदा गेली तर मला नाही सहन व्हायचं."

सादाओंनी चष्मा लावून कागद प्रथमच वाचला. दुकानातून नव्याने विकल्या जाणाऱ्या कुत्र्याला चिप सक्तीची होती. आधीपासून घरात असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत, मालकाने चिप बसवण्याचा प्रयत्न करणे बंधनकारक होते. खाली तीन चौकटी होत्या: बसवली आहे, बसवणार नाही, विचार चालू आहे.

कुरासेत 'विचार चालू आहे' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आळीतल्या कुत्रेवाल्या नऊच्या नऊ घरांनी तीच चौकट भरली. त्या नवांत सादाओही होते. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी रिकामा वेळ भरपूर होता, आणि त्यामुळे त्या आळीत आजवर कोणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते खरोखर विचार करू लागले.

प्रथम ते नगर कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी उभं राहून त्यांचं स्वागत केलं.

"चिप बसवणं सक्तीचं आहे का?"

"छे छे, मुळीच नाही. फक्त प्रयत्न सक्तीचा आहे."

"प्रयत्न करूनही बसवली नाही तर?"

"तर नियम पूर्ण पाळला गेला, असं समजायचं."

"आणि काहीच प्रयत्न न करता बसली तर?"

बाई आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. "तसं अजून कोणाचं झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

तिथून ते किनाकोला घेऊन डॉक्टर नुकाईंकडे गेले. डॉक्टर तिला पिल्लू होती तेव्हापासून ओळखत होते.

"बसवावी म्हणता?" सादाओंनी विचारलं.

"जे बसवतात त्यांना समाधान वाटतं खरं."

"आणि जे बसवत नाहीत?"

"तेही समाधानी दिसतात."

"सुई जाड असते म्हणे. हिचं वय बघता..."

"जाड म्हटली तर जाड आहे."

"डॉक्टर, ही तुमची कुत्री असती, तर तुम्ही काय केलं असतंत?"

डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला. "माझ्याकडे मांजर आहे," ते म्हणाले.

घरी येऊन सादाओंनी चिपच्या बाजूने आणि विरुद्ध असे सगळे मुद्दे चार पानांत लिहून काढले आणि ती पानं फिरत्या फाइलीला जोडली. दुसऱ्याच दिवशी आळीप्रमुख तोगावा दारात हजर झाले.

"ओरिहारासाहेब, हे काय करून ठेवलंत?"

"विचार केलाय."

"तो दिसला. चांगला चार पानी आहे. पण बाकीच्या आठ घरांनी काय करायचं? त्यांचाही विचार चालूच आहे ना? उद्या वरून कोणी आलं, म्हणालं, दाखवा बघू तुमचा विचार, तर बिचाऱ्यांनी काय दाखवायचं? कुत्रं?"

सादाओ ओशाळले. आपल्या एकट्याच्या विचाराने आळीची इतकी पंचाईत होईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तोगावांनीच तोड काढली. विचार एकट्याचा असला की टोचतो, समितीचा असला की कोणाला टोचत नाही. तेव्हा एक 'चिप विचार साहाय्य समिती' नेमण्यात आली. ज्यांच्याकडे कुत्री नव्हती त्यांनाही समितीत घेतलं, कारण वगळणं असभ्य दिसलं असतं. पहिली बैठक, विषय ज्यांनी काढला त्यांच्याच घरी.

एप्रिलमधल्या रविवारी सकाळी एकोणीस सभासद आले. दाराशी जोड्यांचा खच पडला. सगळ्यात शेवटी तोगावा मिठाईचा डबा घेऊन आले. जोड्यांमुळे दार पुरतं लागेना. दुसऱ्याचे जोडे पायाने सरकवणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी ते लागेल तेवढंच लावलं.

बैठक शिस्तीत झाली. चिप मानेच्या डाव्या अंगाला असावी की मध्यभागी, यावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली. एका आजींनी विचारलं, की चिप बसवली की कुत्रं कुठे आहे ते कळतं का? नाही, असं उत्तर मिळालं. कुत्रं कुठे आहे ते आधी कळावं लागतं, मग ते कोणाचं आहे ते चिप सांगते. हे सगळ्यांना पटलं. शेवटी, या विषयात घाई करू नये, असा ठराव एकमताने झाला आणि एकोणीस शिक्के पडले.

फुमिए चहाचे पेले उचलायला आल्या आणि त्यांनी उकडलेल्या भोपळ्याचा तुकडा दाखवून टेबलाखाली हाक मारली. टेबलाखाली कोणी नव्हतं.

सगळी समिती शोधायला बाहेर पडली. ओढा, देऊळ, मासळीचं दुकान, शाळेचं मैदान, सगळं पालथं घातलं. दुपारी सादाओ नाक्यावरच्या पोलीस चौकीत गेले, फुमिए मागोमाग. हरवलेलं कुत्रं तिथे हरवलेल्या वस्तूंच्या अर्जात बसतं. पोलीस भला माणूस होता, त्याने एकही ओळ गाळली नाही.

"रंग?"

"भाजलेल्या पिठासारखा."

"आकार?"

"एवढा."

"आत काय होतं?"

"आत?"

"माफ करा, ती ओळ पाकिटांसाठी आहे. पण रिकामी ठेवता येत नाही."

"जीव होता माझा," फुमिए म्हणाल्या आणि तिथेच रडू लागल्या. पोलिसाने जरा थांबून ते तसंच लिहिलं.

"गळ्यात नगर कार्यालयाचा बिल्ला?"

बिल्ला होता. पातळ कागदात गुंडाळून बारा वर्षं कपाटाच्या खणात ठेवलेला होता. गळ्यात घातला तर त्याच्यावर ओरखडे पडतात.

पुढचे पाच दिवस त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. फुमिए रोज वाटीतलं पाणी बदलत आणि दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसत. सादाओंना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चार पानं लिहिण्याऐवजी आपण पाच मिनिटांत सुई टोचून घेतली असती तर, हे त्यांना आता कोणत्याही चौकटीशिवाय कळत होतं. सहाव्या दिवशी पोलिसाचा निरोप आला, की तालुक्याच्या प्राणिगृहात एक लहान कुत्री आहे, पण वर्णन जुळत नाही, तरी बघून यावं. मालकाने येऊन नेण्याची मुदत उद्या संपते.

दोघं बसने गेली. तिथल्या कारकुनाने नोंदवही उघडली.

"तुमच्या कुत्रीला चिप नाही, असं तुम्ही लिहून दिलंय."

"नाही बसवली. विचार चालू होता," सादाओ म्हणाले.

"मग ही तुमची नव्हे. हिला चिप आहे."

फुमिएंच्या हातातली पिशवी गळून पडली. पण तेवढ्यात आतल्या बाजूने एक ओळखीचं, चिडकं, खोकल्यासारखं भुंकणं ऐकू आलं.

"ती बघा! अहो, ती आपलीच आहे!"

"वहिनी, आवाज पुरावा म्हणून धरत नाहीत," कारकून नम्रपणे म्हणाला. "चिपवर मालकाचं नाव स्पष्ट आहे. ओरिहारा सादाओ, कुरासे."

सादाओंनी वहीवर वाकून ते नाव वाचलं.

"मीच तो," सादाओ म्हणाले.

"असं का? छान. आम्ही पहिल्याच दिवशी तुमच्या नंबरवर फोन केला होता. समोरचे म्हणाले, विषय नोंदवून घेतला आहे, विचार चालू आहे."

नंबर पाणीपुरवठा कार्यालयाचा होता, सादाओंच्याच जुन्या टेबलावरचा. आता तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस बसत होता, आणि फोनवर काय सांगायचं ते त्याला सादाओंनीच शिकवलं होतं.

कारकुनाने मूळ अर्जाची प्रत काढून दाखवली. बारा वर्षांपूर्वी किनाको घेतली तेव्हा दुकानदाराने जे सात-आठ कागद पुढे केले होते, त्यातला तो एक. 'चिप बसवल्याची माहिती मला देण्यात आली असून मी ती समजून घेतली आहे.' खाली लाल शिक्का होता. डावीकडे कललेला.

"बारा वर्षं!" फुमिए म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावभर समिती! अहो, त्या डॉक्टरने तरी एकदा चिप वाचायचं यंत्र लावून बघायचं!"

डॉक्टर नुकाईंना नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की मालक स्वतः नाही म्हणत असताना तपासणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. त्यांच्याकडचं यंत्र अजून कोऱ्या पिशवीतच होतं.

कुत्री ताब्यात घेण्यासाठी एक अर्ज होता, चार पानी, बारीक छपाईचा. सादाओंनी या वेळी चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचायला सुरुवात केली. मागे रांग होती. रांगेतल्या कोणीतरी घसा साफ केला.

"साहेब, वाचायलाच पाहिजे असं नाही," कारकून हळूच म्हणाला. "वाचलंय एवढं मान्य करायचं."

दुसऱ्या पानाच्या मध्यावर ते पोचले आणि किनाको आतून पुन्हा भुंकली. फुमिएंनी त्यांच्या दंडाला घट्ट धरलं. सादाओंनी शिक्का मारला. किनाको बाहेर आली, तिने फुमिएंचा हात हुंगला आणि ती त्यांच्या मांडीत अशी शिरली, की बसमध्येही तिने मान वर केली नाही. फुमिए सबंध वाटभर हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

ही हकिगत आळीत पसरली आणि बाकीच्या आठ घरांतली माणसं एकमेकांची नजर चुकवून आपापली कुत्री तपासून आली. आठपैकी पाच कुत्र्यांना चिप होती. पाचही अर्जांवर घरच्याच माणसाचा शिक्का होता. तोगावांच्या कुत्र्याला तर दोनदा चिप बसवलेली निघाली.

तेव्हा आळीने सादाओंनाच विनंती केली, की अनुभवी माणूस म्हणून त्यांनी फिरत्या फाइलीत एक सूचना घालावी. सादाओंनी मजकूर तोंडी सांगितला, फुमिएंनी तो यंत्रावर छापून आणला: कोणताही कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नये. फाइल निघाली आणि चौथ्या दिवशी तेवीस घरं फिरून परत आली. एवढ्या लवकर ती पूर्वी कधीच आली नव्हती.

"बघ," सादाओ समाधानाने म्हणाले, "तेवीसच्या तेवीस शिक्के. लोक सुधारतात, फक्त सांगणारा हवा."

फुमिएंनी फाइल हातात घेतली. छापताना सूचनेच्या तळाशी त्यांनी स्वतःची एक ओळ घातली होती: 'आपण इथपर्यंत वाचलं असल्यास कृपया शिक्का मारू नये.' तिच्याखाली तेवीस शिक्के रांगेने उभे होते. पहिला डावीकडे कललेला होता.

"चहा टाकतेस ना?" सादाओंनी विचारलं.

"टाकते," फुमिए म्हणाल्या आणि त्यांनी कागद किनाकोपुढे धरला. तिने तो वरपासून खालपर्यंत सावकाश हुंगला.

वाचकहो, आपण ही गोष्ट पहिल्या ओळीपासून इथवर वाचत आलात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सादाओंचाही आळीवर तसाच होता.